आधी शेवटचा नळ

भाग्यश्री दुर्गेला नवी वस्तू दाखवली की ती आधी जुनीची चौकशी करते. घरात नवा मिक्सर आला तेव्हा जुन्या मिक्सरची भांडी त्याला बसतात का, हे पाहिल्याशिवाय तिने खोका उचलू दिला नाही. भांडी बसली नाहीत. कंपनी तीच, नाव तेच, खाचा मात्र वेगळ्या. तिने दुकानदाराला चांगलंच फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, ताई, मी विकतो फक्त, बनवत नाही. तिचे वडील बाबाराव हा किस्सा आल्यागेल्याला तिखटमीठ लावून सांगतात. त्यांच्या सांगण्यात दुकानदार शेवटी रडतो. तो काही रडला नव्हता, पण बाकीचं खरं आहे.

तिचा धंदाच तसला आहे. आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात, हमरस्त्यापासून थोडं आत, भार्गवसरांची छोटी कंपनी आहे. दोन खोल्या आणि पत्र्याची एक शेड. गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांना लागणाऱ्या पेट्या तिथे तयार होतात. पेटीच्या आत तळहाताएवढ्या पाटीवर अख्खा एक संगणक बसवलेला असतो. त्याला तिथे सगळे नुसतं बोर्ड म्हणतात. थ्री फेज करंट आला की बोर्ड मोटर सुरू करतो, टाकी भरली की बंद करतो, आणि मग ठरलेल्या क्रमाने एकेका आळीचा वॉल उघडून पाणी सोडतो. बोर्डाने हे सगळं कसं करायचं, तो प्रोग्राम भाग्यश्री लिहिते. डिप्लोमा झाल्यावर ती इथे लागली ती अजून इथेच आहे. मधल्या काळात बरोबरीचे बरेचजण हैदराबादला गेले, पुण्याला गेले. हिला कोणी काऊन गेली नाही विचारलं की ती म्हणते, माझ्या पेट्या इथे आहेत.

काम ऐकायला सोपं आहे. गोम अशी की बोर्ड एकाच तऱ्हेचे राहिले नाहीत. कंपनी सुरू झाली तेव्हा एकच बोर्ड होता, आणि एकच असतो तेव्हा त्याला नाव लागत नाही. पहिल्या पोराला कोणी थोरला म्हणत नाही. पाठचा झाला की तो थोरला होतो. मग कोरोनाच्या मागोमाग जगभर चिपांची टंचाई पडली आणि तो बोर्ड कुठे मिळेनासा झाला. हैदराबादचा व्यापारी फोनवर भार्गवसरांना छातीठोकपणे म्हणाला, "अदे सार, अदे बोर्डु." तेलुगूत अदे म्हणजे तोच. माल आला. रंग तोच, आकार तोच, स्क्रूची भोकंसुद्धा जिथल्या तिथे. फक्त एका कडेला तारा जोडायच्या पिनांची जी रांग असते, ती या बोर्डात उलट्या बाजूने मोजलेली होती. जुन्याची एक नंबरची पिन डाव्या टोकाला, याची उजव्या. कंपनीत त्याला "टंचाईचा" असं नाव पडलं, ते कायमचं. पुढे टंचाई सरली, पण तोवर जुना बोर्ड बनायचाच बंद झाला होता, आणि तिसऱ्याच तऱ्हेचा आला. तो नवा.

म्हणजे बोर्ड तीन आणि प्रोग्रामही तीन. दुरुस्तीसाठी मोटरसायकलवर गावोगाव फिरणारा सुरज, चाळिशीचा, शांत, मिशाळ माणूस. त्याच्या खिशात तीन तऱ्हेची मेमरी कार्डं असायची, बायकोच्या नेलपॉलिशने ठिपके दिलेली. लाल जुन्याचं, गुलाबी टंचाईच्याचं, जांभळं नव्याचं. लाल आणि गुलाबी उन्हात सारखेच दिसतात हे त्याला चार गावं पालथी घातल्यावर कळलं. पेटी उघडल्याशिवाय आत कोणता बोर्ड आहे ते कळायचं नाही, आणि पेटी उघडावी तर नेमकं तेच कार्ड खिशात नसायचं.

भार्गवसरांचं म्हणणं पडलं की जुन्यांना आता रामराम करावा. गावांना सांगू, नवी पेटी घ्या, किती दिवस मागचं ओझं वाहायचं? माणूस वाईट नव्हे, पण ज्याला पुढे जायची घाई असते त्याला मागचे लोक हळू चालणारे वाटतात. भाग्यश्रीला ते पटेना. जी पेटी नीट चालते आहे ती केवळ आपल्याला कंटाळा आला म्हणून लोकांना उचलून फेकायला लावायची, हे कुठल्या न्यायाचं? तिने सांगितलं, मी एकच प्रोग्राम लिहिते. तिन्ही बोर्डांवर चालेल, पुढे चौथा आला तर त्यालाही सामावून घेईल. आणि जुन्या गावांत काही बदललंय हे कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. भार्गवसर हसून म्हणाले, म्हणजे काम एवढं करायचं की कोणाला दिसूच नये. तिने हो म्हटलं.

हा हट्ट नुसता तत्त्वाचा नव्हता. त्याच्या मुळाशी कोलारी होतं.

नेरडीगोंड्याच्या पुढे हमरस्ता सोडून आत गेलं की कोलारी लागतं. बाबारावांचं गाव. टाकी टेकाडावर, टाकीच्या पायथ्याशी वरची आळी, आणि तिथून उतरत उतरत अगदी शेवटी भीमनगर. बाबाराव शिकले, शाळेत क्लार्क झाले आणि आदिलाबादला आले. त्यांची थोरली बहीण ताराबाई लग्नानंतरही गावातच राहिली, जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला. भीमनगरातला शेवटचा नळ तिच्या दाराशी आहे. पूर्वी टाकीचं पाणी आधी वरच्या आळीत सुटायचं. तिथले हौद, ड्रम, गुरं, अंगणं सगळं झालं की उरलंसुरलं खाली. उन्हाळ्यात ते खाली पोचायच्या आधीच टाकी रिती व्हायची. ताराबाई आणि बाकीच्या बाया हापशावर रांग लावायच्या. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून कोणी बदलतही नव्हतं.

भाग्यश्री कंपनीत नवी असताना कोलारीने पेटी घेतली. पाणी समितीचे अध्यक्ष सुधाकरराव, वरच्या आळीचे, वयाने मोठे, गावात शब्दाला वजन असलेले. त्यांनी बैठकीत विचारलं की क्रम कसा ठेवायचा. भाग्यश्री उभी राहिली. बोलणं सरळ होतं. टाकी भरलेली असते तेव्हा पाण्याला जोर असतो, आणि तो जोर लांबच्या नळाला लागतो. टाकी अर्धी झाली तरी जवळच्या नळाला पाणी पोचतंच. म्हणून आधी शेवटचा नळ, मग अलीकडचे. ती सांगत होती त्यात काडीचंही खोटं नव्हतं. सुधाकररावांनी पान चघळत ऐकलं आणि म्हणाले, मशिनीचं तसं म्हणणं असन तर तसंच करा. झाला तसफिया, लागला निकाल. भीमनगराने हेच स्वतःच्या तोंडाने मागितलं असतं तर गावात महाभारत झालं असतं. मशीनने मागितलं आणि पाच मिनिटांत मिळालं. त्या वर्षी ताराबाईने दारातले दोन्ही ड्रम ज्वारी ठेवायला घरात घेतले.

ऑफिसात भाग्यश्रीने आत्याचं नाव कधी काढलं नाही. उगाच कोणी म्हणायला नको की पोरीने आपल्या माणसांची सोय करून घेतली. गावाला अर्थात सगळं ठाऊक होतं. म्हणूनच नव्या प्रोग्रामचं काम हातात घेताना तिने एक गोष्ट मनाशी पक्की धरली होती. दुसरं काहीही बिघडलं तर निस्तरता येईल, कोलारीचा क्रम बिघडता कामा नये.

तिने निर्मल गावच्या एका खेळणी करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून लाकडी फळी करून घेतली. तिच्यावर तिन्ही तऱ्हेचे बोर्ड ओळीने बसवले आणि वॉलच्या जागी छोटे दिवे लावले. कारागिराला कोरं लाकूड हातून सोडवेना, म्हणून त्याने कडेला दोन पोपट रंगवून दिले. रोज सकाळी प्रोग्राममध्ये काही बदल केला की तो तिन्ही बोर्डांवर चढवायचा आणि पोपटांच्या साक्षीने दिवे बघायचे. आधी डावा लागला पाहिजे, मग उजवा. एकावर जरी उलटं झालं तरी त्या दिवसाचं काम मोडून पुन्हा सुरू. भार्गवसर याला काकड आरती म्हणायचे.

खरी अडचण बोर्डाने आपली ओळख सांगण्याची होती. नव्याच्या पोटात त्याचं नाव कोरलेलं असतं. प्रोग्रामने विचारलं की तो सांगतो. टंचाईचाही सांगतो. जुना मात्र काहीच बोलत नाही, कारण आपल्यामागून दुसरे येणार आहेत हे तो बनवणाऱ्याला माहीतच नव्हतं. तेव्हा भाग्यश्रीने नियम केला की जो उत्तर देत नाही तो जुना समजायचा, आणि त्याच्याशी अगदी पूर्वीसारखं वागायचं. जो ओळख सांगेल त्याच्या पिना त्याच्या रीतीने मोजायच्या. एवढं झाल्यावर तिन्हींवर आधी डावा आणि मग उजवा दिवा लागायला लागला. ती आठवडाभर रोज तेच पाहत होती, आणि रोज तिला बरं वाटत होतं.

थंडी सरताना तिने नवा प्रोग्राम पाठवला. पेट्यांत आता सिमकार्ड असतं, मावल्यातून तो फोनच्या वाटेने जातो. एकेका गावाच्या नावापुढे हिरवा ठिपका येत गेला. कोलारीचं बटण तिने स्वतः दाबलं. हिरवा. पेटीने कळवलं, पहिला वॉल आधी उघडला, दुसरा नंतर, सगळं ठीक. कुठूनही तक्रार आली नाही. सुरजने तीन ठिपक्यांची कार्डं डब्यात टाकली आणि एका कार्डावर फिरू लागला. भार्गवसरांनी सगळ्यांना जिलबी दिली.

तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. कचेऱ्या त्याच्यावरच चालतात. भाग्यश्रीसारख्या चौकस बाईनेही तो धरला, आणि मला तिचा त्यात फार दोष दिसत नाही.

एप्रिलमध्ये ती सुरजबरोबर नेरडीगोंड्याच्या बाजूला एक नवी पेटी बसवायला गेली होती. काम दुपारपर्यंत उरकलं. कोलारी हाकेच्या अंतरावर, तेव्हा आत्याकडे जेवून जाऊ म्हणून ती तिकडे वळली. सुरज पिंपळाखाली गाडी लावत मागे थांबला. ताराबाईच्या दारात दोन ड्रम होते.

भाग्यश्री जागीच थांबली. ड्रम ओले होते, वर फडकं बांधलेलं. पलीकडच्या घरासमोर घागरी, त्याच्या पलीकडे आणखी ड्रम. एक बाई हापशावरून कमरेवर घागर घेऊन येत होती. भाग्यश्रीला पाहून ती हसली आणि भरभर पुढे गेली. आत्या बाहेर आली, भाचीच्या तोंडावरून हात फिरवला, आत नेलं, भाकरी टाकायला बसली. नळाला पाणी येतं ना, असं विचारल्यावर म्हणाली, येते ना. ड्रम कशाला मग, तर म्हणाली, उन्हाळा हाय. वांग्याची भाजी वाढताना तिने बाबारावांच्या गुडघ्यांची, ऑफिसची, स्थळांची, सगळी चौकशी केली. पाण्यावर मात्र येईना. 

तेवढ्यात करंट आला. टाकीवर मोटरीचा आवाज सुरू झाला, बऱ्याच वेळाने बंद झाला. ती नळाशी जाऊन उभी राहिली. नळ कोरडा. आणि वरून, टेकाडाकडून, बादल्यांचा आणि बायांच्या बोलण्याचा आवाज ऐकू आला. वरच्या आळीत पाणी सुटलं होतं.

ती उन्हातून तशीच टाकीकडे चढली, सुरजला हाक मारून. पेटी उघडली, मोबाइलवर पाहिलं. पेटी म्हणत होती, पहिला वॉल उघडला, सगळं ठीक. भाग्यश्री वॉलपाशी वाकली. उघडा होता तो वरच्या आळीचा. सुरज पेटीत डोकं घालून बघत होता. त्याने दोन तारांवर बोट ठेवलं.

"ताई, हे माह्यं काम हाय," तो म्हणाला.

त्याने सांगितलं ते असं. टंचाईच्या वर्षी कोलारीच्या टाकीवर वीज पडली आणि जुना बोर्ड जळाला. तो टंचाईचा बोर्ड घेऊन आला, आणि गुलाबी म्हणून जे कार्ड खिशातून काढलं ते निघालं लाल. जुन्याचा प्रोग्राम टंचाईच्या बोर्डावर चढवल्यावर क्रम उलटा झाला, पाणी आधी वरच्या आळीत. परत मावल्याला जाऊन येईपर्यंत दिवस गेला असता, गाव तहानलेलं. म्हणून त्याने दोन तारा एकमेकींच्या जागी लावल्या. भीमनगरला आधी पाणी गेलं. तो पाहून समाधानाने घरी आला आणि विसरला.

म्हणजे इथे इतके दिवस दोन उलट्या गोष्टी मिळून एक सुलट होत होती. बोर्ड उलटा मोजत होता आणि तारा उलट्या होत्या, म्हणून पाणी बरोबर जात होतं. भाग्यश्रीच्या प्रोग्रामने बोर्डाला ओळख विचारली, त्याने ती खरीखुरी सांगितली, प्रोग्रामने मोजणी सुधारली, आणि उरली ती फक्त तारांची उलटापालट. फळीवर सगळं बरोबर होतं. पण फळीवर सुरजने त्या दिवशी बदललेल्या तारा नव्हत्या. तिला सुरजचा राग आला नाही. त्या दिवशी लोकांना पाणी हवं होतं आणि त्याने ते दिलं होतं. स्वतःचा मात्र आला, असा की कानशिलं तापली. कोलारीचं बटण तिने आपल्या बोटाने दाबलं होतं.

असं अजून कुठे केलं का, तिने विचारलं. सुरजला नीट आठवेना. दोन-चार ठिकाणी केलं असन, म्हणाला. तिने तिथूनच भार्गवसरांना फोन लावला आणि कोलारी सोडून जिथे जिथे टंचाईचे बोर्ड आहेत तिथे आज, आत्ता, ज्या पेटीत आधी जो प्रोग्राम होता तोच परत पाठवा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, पण आपल्याकडे तर सगळे दिवे बरोबर लागत होते. ती म्हणाली, दिव्यांना तहान लागत नाही, सर. ते लगेच कामाला लागले.

पेटीपाशी माणसं दिसली म्हणून सुधाकरराव चढून आले. आता थकले होते, काठी घेऊन. भाग्यश्रीने विचारलं की काका, क्रम उलटा झालेला तुमच्या ध्यानात आला नाही का? ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. आधी म्हणाले की आमाले वाटलं कंपनीनंच ठरवलं, साहेब लोकायच्या कामात कोन बोलते. मग खाली बघत बोलले.

"खरं सांगू का बाई? इचारा वाटलं एकदा. मंग नाही इचारलं. पानी दारात येऊन राह्यलं होतं."

फायद्याच्या चुकीची तक्रार करायला कोणी लांब जात नाही, ते तरी काय वेगळे? पण विचारल्यावर त्यांनी कबूल केलं, हेही लिहायला हवं. भाग्यश्रीने मान हलवली आणि सुरजकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. तारा सोडवून सरळ लावायला फार वेळ लागला नाही. वरच्या आळीचा वॉल बंद झाला, भीमनगरचा उघडला. सुधाकररावांच्या घरातून कोणीतरी ओरडलं, पाणी काऊन गेलं म्हणून. ते खाली वळून मोठ्याने म्हणाले, येते थोड्या वेळानं, पहिले खाली जाऊ द्या.

ती भीमनगरात पोचली तेव्हा नळ फुरफुरत होता. आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ धार. ताराबाई पदर खोचून घागर लावून बसली होती. भाग्यश्री तिच्याशेजारी ओट्यावर बसली. सगळं सांगितलं, बोर्ड, तारा, कार्ड. आत्याला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिने अर्ध्यात तोडलं नाही. शेवटी भाग्यश्रीने विचारलं की एवढे दिवस हापशावर गेलात, मला एक फोन का नाही केला? बाबांना तरी सांगायचं.

 ताराबाईने भरलेली घागर बाजूला ठेवली, दुसरी लावली.

"तूच बदललं असं समजलो आमी," ती म्हणाली. "बटन तुह्याच हातात हाय ना. वाटलं, कोनं तरी वर सांगितलं असन की आपल्या लोकायले पहिले पानी देते. तुह्यावर दाब आला असन. मंग वस्तीत बसून ठरवलं, कोनं काही बोलाचं नाही. बोललो तर पोरीच्या नोकरीवर येईन."

भाग्यश्रीला रडू आलं. आवरायचा प्रयत्न तिने केला नाही. ही माणसं भर उन्हात हापशावर उभी होती ती तिला वाचवायला. तिने त्यांचं पाणी काढून घेतलं असं समजूनही तिच्यावर रागावली नव्हती, उलट तिची काळजी करत होती. तिला तक्रारी आल्या असत्या, शिव्या आल्या असत्या तर सोसलं असतं. हे सोसेना.

"आत्या, मी असं करीन असं तुला वाटलं?"

"आपखुशीनं नाही वाटलं," ताराबाई म्हणाली. "पन आपल्याले दिलेलं कधी ना कधी परत घेतेतच, हे मले नवं थोडी हाय."

 आत्या उठून दोन्ही ड्रम भरू लागली, तिला भाग्यश्रीने अडवलं नाही. आत्या म्हणाली, भरून ठेवू दे आजच्या दिवस, आणि भाग्यश्रीने बादली उचलून दिली.

मावल्याला परतल्यावर भाग्यश्रीने प्रोग्राम पुन्हा हाती घेतला. आता तो बोर्डाला ओळख विचारतो, पण तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही. कालपर्यंत पाणी ज्या वाटेने जात होतं त्याच वाटेने तो सोडत राहतो. नवी मोजणी तो तेव्हाच धरतो, जेव्हा गावातलं कोणी तरी नळाशी उभं राहून खात्री देतं. आणि हे कोणी तरी म्हणजे समितीचे अध्यक्ष नव्हे. प्रत्येक गावातल्या शेवटच्या घराचा फोन नंबर तिने मागवून घेतला. काहींनी विचारलं, शेवटचं म्हणजे कोणतं? ती सांगायची, जिथे पाणी पोचलं नाही तर कोणाला कळत नाही ते. भार्गवसरांना आधी हे अती वाटलं. मग त्यांनी स्वतः दोन गावांना फोन केले, आणि एका गावात एक म्हातारे गृहस्थ त्यांच्याशी इतका वेळ बोलले की त्यांना गार झालेला चहा प्यावा लागला. सुरजने तारा बदललेली आणखी तीन गावं त्या फोनांतूनच सापडली. तिथेही कोणी तक्रार केली नव्हती.

मग सुधारलेला प्रोग्राम गेला. भाग्यश्री सकाळपासून एकेका गावाच्या शेवटच्या घराला विचारत होती, पाणी आलं का, आधी आलं की मागून. कोलारीचा नंबर यादीत खाली होता. तिथवर ती पोचायच्या आधीच फोन वाजला. ताराबाईच होती, पण आवाज नेहमीचा नव्हता. जरा चढा, जरा ताठ.

"आत्या?"

"आत्या घरी. आता कंपनीत केला फोन. तक्रार लिहून घे. आज पानी आलं, पहिलेच आलं, पन धार बारीक होती. ड्रम नाही भरला. काऊन तसं झालं ते पाहा, अन् मानूस पाठवा."

भाग्यश्रीने स्क्रीनवर नजर टाकली. त्या भागात करंटच कमी दाबाचा होता, टाकी पुरती भरली नव्हती. पेटीचा दोष नव्हता आणि सुरज जाऊन काही करू शकणार नव्हता. हे ती एका वाक्यात सांगू शकली असती. कंपनी सुरू झाल्यापासून कोलारीच्या भीमनगरातून आलेली ही पहिली तक्रार होती.  तिने कागद पुढे ओढला.

"उद्या माणूस पाठवते. तुमचं नाव सांगा."

"ताराबाई लक्ष्मण वाठोरे," आत्या म्हणाली, एकेक शब्द सुटा करून. "भीमनगर, कोलारी. शेवटचं घर."